खाऱ्या पाण्याने होडी कुजते?

लाकडी होडी खाऱ्या पाण्याने कुजते, हा समज जुना आहे. प्रत्यक्षात जवळजवळ उलटंच. लाकूड कुजवते ती बुरशी, आणि तिला मीठ मानवत नाही. तळात साचलेलं पावसाचं पाणी मात्र छान मानवतं. म्हणून १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत कोकणात वर ओढलेल्या होडीवर झाप (नारळाच्या विणलेल्या झावळ्या) हवेत, पण आत वारा खेळता ठेवून. प्लास्टिक घट्ट गुंडाळणं म्हणजे बुरशीला आवतणच!

समुद्रातला खरा शत्रू शिपवर्म. नावाला किडा, जातीने शिंपल्यांचा भाऊबंद. लाकूड आतून पोखरतो. होडी काही आठवडे कोरडी ठेवली की मरतो. उन्हाळ्यात डागडुजीनंतर उतरवलेली होडी सुरुवातीला थोडी पाझरली तर घाबरू नका, फळ्या फुगल्या की सांधे मिटतात.