हॉर्सरॅडिश: किसणीपासून बाटलीपर्यंत

हॉर्सरॅडिश ही मोहरीच्या कुळातली, झणझणीत मुळाची वनस्पती. तिचं अख्खं मूळ हुंगलं तर नाकाला फारसं काही जाणवत नाही. किसलं की पेशी फुटतात, सिनिग्रिन हे द्रव्य आणि मायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) एकमेकांत मिसळतात आणि अलाइल आयसोथायोसायनेट तयार होतं. मोहरी फेसताना नाकात जातो तो झणका याचाच. तो लवकर उडून जातो. व्हिनेगर घातलं तर विकराचं काम थांबतं आणि तेवढ्यावर तिखटपणा टिकतो. बाटलीबंद हॉर्सरॅडिशचा सगळा इतिहास याच गुणावर उभा आहे.

व्हिनेगरची जोड जुनीच. जर्मन लोक हे मूळ व्हिनेगर घालून कुटतात आणि माशांबरोबर खातात, असं इंग्रज वनस्पतिज्ञ जॉन जेरार्ड याने १५९७ मध्ये नोंदवलं. पुढे इंग्लंडमध्ये ते भाजलेल्या गोमांसाच्या ताटात आलं. पूर्व युरोपातल्या ज्यूंनी वल्हांडणाच्या सणातली कडू भाजी म्हणून ते स्वीकारलं; बीट घातलेली त्याची लाल चटणी म्हणजे ख्रेन.

किसण्याचं काम मात्र डोळ्यांतून पाणी काढणारं, म्हणून तयार मालाला गिऱ्हाईक होतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या शार्प्सबर्गमध्ये, पुढे केचपसाठी नावाजलेल्या हेन्री हाइन्झने १८६९ मध्ये हा धंदा सुरू केला. तेव्हा रंगीत बाटल्यांत सलगमाची भेसळ खपून जाई; त्याने पारदर्शक काच वापरली.

आज दुकानात दोन वेगळ्या वस्तू मिळतात. एकीत मूळ, व्हिनेगर आणि मीठ. दुसरीत, म्हणजे सॉसमध्ये, क्रीम किंवा मेयोनीजही असतं. पाककृतीत पहिली हवी असताना दुसरी घातली तर पदार्थ गुळमट होतो. एक चमचा ताज्या किसाऐवजी पहिली साधारण दोन चमचे लागते, आणि तेवढा आंबटपणा इतर जिन्नसांतून कमी करावा लागतो.

घरी करायचं तर पाव किलो मूळ सोलून तुकडे करा, दोन-तीन मोठे चमचे पाणी घालून मिक्सरमध्ये वाटा. झाकण उघडताना तोंड लांब ठेवा, खिडकी उघडी असू द्या. व्हिनेगर लगेच घातलं तर चव सौम्य राहते. जहाल हवं तर तीन मिनिटं थांबून दोन-तीन मोठे चमचे पांढरं व्हिनेगर आणि अर्धा छोटा चमचा मीठ घाला. घालायचं विसरलात तर तिखटपणा उडतो आणि कडवटपणा उरतो. घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रिजमध्ये ते काही आठवडे चांगलं राहतं. रंग काळपटला की टाकून द्या. ताजं असो वा बाटलीतलं, उकळत्या रश्श्यात घालू नका. गॅस बंद करून, वाढायच्या क्षणी मिसळा.