बेझिए वक्र : आर भाषेतील मांडणी व रेखाटन

दोन टोके आणि मधले नियंत्रणबिंदू एवढ्यावरून आखला जाणारा गुळगुळीत वक्र. मोटारींच्या पत्र्याचे आकार गणिताने मांडण्यासाठी फ्रान्समध्ये सीत्रोएनच्या पॉल द कास्तेल्झो यांनी १९५९ मध्ये आणि नंतर रनोच्या प्येर बेझिए यांनी तो स्वतंत्रपणे वापरात आणला. सीत्रोएनने काम गुप्त ठेवले, म्हणून नाव बेझिएंचे झाले.

सांगली जिल्ह्यातल्या मिरजेचा तंबोरा आडवा ठेवून पाहावा. भोपळ्याची फुगीर कड आत वळते आणि गळ्याशी उलट बाक घेऊन दांडीला मिळते. तीन बिंदूंचा वक्र हा पॅराबोलाचा तुकडा. त्याचा बाक कधीच उलटत नाही. म्हणून इथे चार बिंदू लागतात. समजा ते इंचांत (०, ८), (६, ८), (६, २), (१२, २) आहेत : पहिला आकडा लांबीचा, दुसरा मध्यरेषेपासूनच्या अंतराचा. वक्र टोकांच्या बिंदूंतून जातो. मधले दोन त्याला नुसते आपल्याकडे ओढतात.

आर या सांख्यिकी भाषेत हे बिंदू चार ओळी व दोन स्तंभांच्या मॅट्रिक्समध्ये ठेवतात. टी ही संख्या ० पासून १ पर्यंत सरकवत दर वेळी चारही बिंदूंची भारित सरासरी काढायची. गंमत म्हणजे हे भार द्विपद वितरणातल्या संभाव्यताच आहेत : छापा पडण्याची संभाव्यता टी असलेले नाणे तीनदा उडवले, तर ०, १, २ किंवा ३ छापे पडण्याच्या. म्हणून वेगळे सूत्र लिहायची गरज नाही, भाषेतले डीबायनॉम फंक्शन पुरते. टी पाव असताना भार २७, २७, ९ व १ भागिले ६४ येतात आणि बिंदू सुमारे (३.५६, ७.०६), टी अर्धा असताना (६, ५).

टीच्या १०१ किमती घेऊन भारांच्या मॅट्रिक्सला बिंदूंच्या मॅट्रिक्सने गुणले की १०१ बिंदू मिळतात. लाइन्स फंक्शन ते सरळ रेघांनीच जोडते. पाचच किमती घेतल्या तर कोपरे उघडे पडतात. दुसऱ्या स्तंभाचे चिन्ह बदलले की तंबोऱ्याची समोरची कड तयार. प्लॉट काढताना एएसपी (दोन अक्षांच्या मापांचे गुणोत्तर) १ ठेवावे, नाहीतर दोन्ही अक्षांचे माप वेगळे पडून भोपळ्याचा दुध्या होतो.

आरच्या ग्रिड या रेखाटनाच्या पॅकेजमधले बेझिअर फंक्शन चारच बिंदू घेते आणि आतून एक्स-स्प्लाइन या वेगळ्या प्रकारच्या वक्राने जवळपासचा आकार काढते. जीजीफोर्स या दुसऱ्या पॅकेजमध्ये तीन किंवा चार बिंदू चालतात. भोपळ्याचा गोल आडवा छेद मात्र यातल्या कशानेही तंतोतंत येत नाही. चार तुकडे जोडून, प्रत्येकाचे मधले बिंदू जवळच्या टोकापासून स्पर्शरेषेवर त्रिज्येच्या ०.५५२३ पट अंतरावर ठेवले, तर डोळ्याला फरक कळत नाही.