करार-वाटाघाटी (व्यावसायिक फुटबॉल)

व्यावसायिक फुटबॉल क्लब आणि त्याचा आघाडीचा खेळाडू यांच्यात नव्या करारासाठी किंवा चालू कराराच्या मुदतवाढीसाठी होणारी बोलणी. बातम्यांत गाजतो तो आठवड्याचा पगार, पण खरी रस्सीखेच मुदतीवरून असते. कराराची चार वर्षे शिल्लक असली की क्लब निवांत असतो. दोन उरली की तो स्वतःहून बोलावणे धाडतो. शेवटचे वर्ष लागले की पारडे खेळाडूकडे झुकते. फिफाच्या नियमांनुसार करार संपायला सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी पुढचा करार करू शकतो. त्यानंतर जुन्या क्लबच्या हाती हस्तांतरण शुल्काचा, म्हणजे खेळाडू घेताना नवा क्लब जुन्याला मोजतो त्या रकमेचा, एक पैसाही लागत नाही. रॉबर्ट लेवांडोव्स्की २०१४ मध्ये डॉर्टमुंडहून थेट प्रतिस्पर्धी बायर्न म्युनिककडे असाच फुकट गेला.

खेळाडूला हे बळ फार उशिरा मिळाले. इंग्लंडमध्ये १९६१ पर्यंत पगाराला आठवड्याला २० पौंडांची कमाल मर्यादा होती, त्यामुळे वाटाघाटींना जागाच नव्हती. जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या संघटनेने संपाची धमकी दिली, तेव्हा ती उठली आणि फुलहॅमचा जॉनी हेन्स आठवड्याला १०० पौंड घेऊ लागला. पण करार संपल्यावरही क्लब खेळाडूला अडकवून ठेवू शकत असे. ही गाठ सुटली ती झाँ-मार्क बोस्मान या फारशा नावाजलेल्या नसलेल्या बेल्जियन खेळाडूमुळे. १९९० मध्ये त्याचा करार संपला, तेव्हा लिएज क्लबने त्याच्यापुढे किमान पगाराचा नवा करार ठेवला. तो फ्रान्समधल्या डंकर्कला जायला निघाला, तर तो व्यवहारही पुरा होऊ दिला नाही. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला, की करार संपलेला खेळाडू युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशात जात असेल तर शुल्क मागता येणार नाही. या निकालाचे पीक नंतरच्या ताऱ्यांनी कापले. बोस्मानची स्वतःची कारकीर्द मात्र खटल्यातच संपली.

क्लबच्या घाईमागे हिशेबवहीही असते. १० कोटी युरो मोजून पाच वर्षांसाठी आणलेला खेळाडू वहीत दरवर्षी २ कोटींनी उतरतो. मुदत वाढवली की उरलेली रक्कम जास्त वर्षांवर पसरते आणि त्या वर्षीचा बोजा हलका होतो. चेल्सीने ही युक्ती ताणून २०२३ च्या जानेवारीत मिखाइलो मुद्रिक आणि एन्झो फर्नांडेझ यांना साडेआठ-साडेआठ वर्षांचे करार दिले. मग युरोपीय फुटबॉलची नियामक संस्था युएफाने हिशेबासाठी पाच वर्षांची मर्यादा घातली. क्लबच्या स्वतःच्या अकादमीत घडलेल्या खेळाडूची वहीतली किंमत जवळजवळ शून्य असते, म्हणून तो विकला तर आलेली रक्कम बहुतांश नफाच. घरच्या पोराला मोठा करार देताना क्लब चाचरतो, त्यामागे कधीकधी हेही असते.

बोलणी बहुधा एजंट आणि क्लबचा क्रीडा संचालक यांच्यात होतात. प्रशिक्षकाला त्यापासून दूर ठेवण्याची पद्धत आहे आणि ती शहाणपणाचीच, कारण त्याला शनिवारी त्याच खेळाडूला मैदानात उतरवायचे असते. मूळ पगारावर एकमत लवकर होते. घोडे अडते ते सहीच्या वेळचा बोनस, खेळाडूच्या नावाचे व छायाचित्राचे हक्क, एजंटचा वाटा, चॅम्पियन्स लीग ही युरोपातली अव्वल क्लब-स्पर्धा हुकल्यास पगारात होणारी कपात अशा कलमांवर. केविन डी ब्रुइनने २०२१ मध्ये मँचेस्टर सिटीशी २०२५ पर्यंतचा करार केला, तोही एजंटाविना. संघाला आपला नेमका उपयोग किती, हे त्याने विश्लेषकांकडून आकड्यांत मांडून घेतले होते.

सर्वांत जास्त गाजते ते सुटकेचे कलम, म्हणजे रिलीज क्लॉज: ठरलेली रक्कम मोजली की क्लबला खेळाडू सोडावाच लागतो. स्पेनमध्ये १९८५ च्या राजाज्ञेनुसार खेळाडूला भरपाई देऊन करार मोडता येतो, म्हणून तिथे हा आकडा करारातच लिहून ठेवतात, आणि तो मुद्दामच कोणाला परवडू नये इतका मोठा ठेवतात. नेमारच्या बाबतीत तो २२.२ कोटी युरो होता. २०१७ मध्ये पॅरिस सें-जर्मेंने तो मोजला आणि बार्सिलोनाचे हात बांधले गेले. शब्दरचना सैल असेल तर उलटही घडते. २०१३ मध्ये आर्सेनलने लुईस सुआरेझसाठी ४ कोटी आणि वर १ पौंड अशी बोली लावली. त्या आकड्याने लिव्हरपूलला विकणे भाग पडते की फक्त खेळाडूला बोली कळवणे, यावरच वाद झाला. लिव्हरपूलने त्याला सोडले नाही.

दबाव दोन्हीकडून येतो. ऑक्टोबर २०१० मध्ये वेन रूनीने मँचेस्टर युनायटेड सोडण्याचा मनोदय जाहीर निवेदनातून सांगितला आणि दोनच दिवसांनी पाच वर्षांच्या करारावर सही केली. क्लबकडे खेळाडूला बाहेर बसवण्याचे हत्यार असते. एक वर्षाची मुदतवाढ घेणार नाही, असे किलियन एम्बापेने २०२३ च्या जूनमध्ये पत्राने कळवल्यावर पॅरिसने त्याला जपान दौऱ्यातून वगळले. मोसम सुरू होताच तो संघात परतला, आणि २०२४ मध्ये रेआल माद्रिदला गेला. शुल्क शून्य. पॅरिसने आपले ५.५ कोटी युरो थकवल्याचा दावा त्याने नंतर केला.

मुदतीचा खेळ लिओनेल मेस्सीच्या वाट्याला दोनदा आला. बार्सिलोनाशी त्याचे नाते जुळले तेच एका कागदी रुमालावर: १४ डिसेंबर २००० रोजी क्लबचे क्रीडा संचालक कार्लेस रेक्साक यांनी त्यावर लिहून दिले, की विरोधी मते काहीही असोत, ठरलेल्या रकमा पाळल्या गेल्या तर या मुलाला आपण घेत आहोत. वीस वर्षांनी, २०२० मध्ये, करारात मोसमाअखेर मोफत निघून जाण्याची मुभा होती, पण ती १० जूनपूर्वी कळवायची होती. त्या वर्षी महासाथीमुळे मोसम ऑगस्टपर्यंत लांबला. मेस्सीची नोटीस २५ ऑगस्टला पोहोचली. मोसम संपला तेव्हाच मुदत लागू होते, असे त्याचे म्हणणे. तारीख ती तारीख, असे क्लबचे, आणि स्पेनच्या लीगनेही ७० कोटी युरोंचे सुटकेचे कलम लागू असल्याचे सांगितले. क्लबला कोर्टात खेचायचे नाही म्हणून तो थांबला. पुढच्या वर्षी, ३० जून २०२१ ला, करार आपोआप संपला. या वेळी खेळाडूही राजी होता आणि क्लबही. नव्या कराराची बोलणी पक्की झाली होती. पण बार्सिलोनाचा खर्च लीगच्या मर्यादेत बसेना, त्यामुळे करार नोंदवता आला नाही. ५ ऑगस्टला क्लबने तसे जाहीर केले आणि पाच दिवसांनी मेस्सीने पॅरिसमध्ये सही केली.