निकेलच्या जाळीवर उगवणाऱ्या सुया

लिथियम-आयन बॅटरीच्या ऋणाग्रासाठी सर्रास वापरले जाणारे ग्रॅफाइट प्रतिग्रॅम जास्तीत जास्त ३७२ मिलिअँपिअर-तास विद्युतभार साठवते. तीन कोबाल्ट आणि चार ऑक्सिजन अणूंच्या ऑक्साइडची सैद्धांतिक क्षमता मात्र ८९० भरते. अशी ऑक्साइडे पुन्हा पुन्हा चार्ज होऊ शकतात, हे फ्रान्समधील रसायनशास्त्रज्ञ तारास्कों यांच्या गटाने २००० साली दाखवले, पण त्यासाठी कण नॅनो आकाराचे असावे लागतात. कणाची जाडी शंभरपट घटवली, तर लिथियमला आत झिरपायला लागणारा वेळ दहा हजारपट घटतो.

असे ऑक्साइड वाढवायला निर्वात यंत्रणाच हवी असे नाही, आणि म्हणूनच सोलापूरसारख्या शहरातील महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला हा विषय परवडतो. सच्छिद्र निकेलचा तुकडा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात धुऊन कोबाल्ट नायट्रेट आणि युरियाच्या गुलाबी द्रावणात उभा करतात व बीकर नव्वद अंशांच्या आसपास काही तास तापवतात. पाणी ऊर्ध्वपातितच हवे. बोअरच्या पाण्यातील कॅल्शियमही कार्बोनेट होऊन साक्यात उतरते.

सारी किमया युरियाची आहे. कॉस्टिक सोडा एकदम ओतला, तर साका द्रावणातच तयार होऊन तळाशी बसतो. युरिया मात्र उष्णतेने हळूहळू विघटित होऊन अमोनिया सोडतो, द्रावणाचा सामू (पीएच) सावकाश चढतो आणि स्फटिकांना निकेलच्या पृष्ठभागावर रुजून एकाच दिशेने, सुयांसारखे वाढायला सवड मिळते. टॉवेलवरचे टाके उभे असल्याने तो जसा जास्त पाणी टिपतो, तसा सुयांच्या या दाट थरात विद्युत-अपघटनी द्राव, म्हणजे बॅटरीतील लिथियम आयन वाहून नेणारा द्रव, सर्व बाजूंनी शिरतो. सुया अजून ऑक्साइडच्या नसतात. तीनशे-साडेतीनशे अंशांच्या भट्टीत हवेत भाजल्यावर गुलाबी थर काळा पडतो, तेव्हा त्या ऑक्साइडच्या होतात.

पहिल्याच चार्ज-डिस्चार्जमध्ये क्षमतेचा मोठा वाटा कायमचा जातो, ही या ऑक्साइडांची जुनी खोड. मला त्याहून खटकतो तो आकड्यांचा हिशेब. प्रतिग्रॅम क्षमता सांगताना केवळ ऑक्साइडचे वस्तुमान धरले जाते. ते चौरस सेंटीमीटरला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम असते, आणि खालचे निकेल त्याच्या कित्येक पट जड. कार्बन कापड वापरले, तर आधार हलका होतो. पण ऑक्साइडचे प्रमाण वाढवण्यासाठी सुया लांबवल्या, की चार्जिंगच्या फुगण्या-आकसण्याने त्यांच्या मुळाशी तडे जातात आणि थर सुटू लागतो.