थिनिंग कात्री

थिनिंग कात्री ही केसांची लांबी कायम ठेवून त्यांचा दाटपणा कमी करण्यासाठी वापरली जाणारी कात्री आहे. तिचे एक पाते सरळ धारेचे व दुसरे दातेरी असते. काही प्रकारांत दोन्ही पाती दातेरी असतात. कात्री मिटताना दातांवर आलेले केस कापले जातात आणि मधल्या खाचांतले शाबूत राहतात. साधारण ३० ते ४० बारीक दातांची कात्री कापाच्या उमटलेल्या रेषा पुसून टाकते, तर मोजक्या रुंद दातांची कात्री एका मिटणीतच बराच भार उतरवते.

केस दाट असणे आणि प्रत्येक केस जाड असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कारागिराची बहुतेक फसगत त्यांची गल्लत केल्याने होते. दाट, सरळ व राठ केसांत ही कात्री सर्वाधिक उपयोगी पडते. मात्र ती मुळापासून दूर, बटेच्या मध्यापासून टोकाकडे चालवावी लागते, कारण मुळाशी कापलेले आखूड केस वरच्या थराला ढकलून उभे राहतात. बारीक व विरळ केसांत एखाददुसरी मिटणी पुरते. त्याहून अधिक केल्यास टोके झिरझिरीत दिसतात.

कुरळ्या केसांबाबत कोकण किनाऱ्यावर विशेष सावधगिरी लागते. पावसाळ्यात रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला या भागांत हवेतील सापेक्ष आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या वर असते. हवेतील बाष्प शोषल्यावर केसातील केराटिन या प्रथिनाचे हायड्रोजन बंध (कमजोर रासायनिक दुवे) तुटून नव्याने जुळतात, त्यामुळे ड्रायरने सरळ केलेला केस आपल्या मूळ वळणावर जातो, आणि विरळणीत आखूड झालेले केस, त्यांना खाली ओढणारे वजन उरले नसल्याने, पिंजारतात. वातानुकूलित सलूनमध्ये हलके व नीटनेटके वाटलेले डोके बाहेर पडताच फुगते ते यामुळेच. म्हणून असे केस त्यांच्या नैसर्गिक वळणात, कोरडे असताना, एकेक बट हातात घेऊन कापणे श्रेयस्कर. भार उतरवण्यासाठी साध्या कात्रीने थर देणे, म्हणजे केस टप्प्याटप्प्याने वेगवेगळ्या लांबीचे कापणे, बहुधा अधिक सुरक्षित ठरते.

किनारपट्टीवर अनेकांच्या डोक्याला रोजचे खोबरेल असते. तेलकट केस एकमेकांना चिकटून दातांवर गठ्ठ्याने येतात आणि अंदाजापेक्षा जास्त कापले जातात, त्यामुळे ते आधी धुऊन वाळवावे लागतात. प्रत्येक मिटणीनंतर फणी फिरवून सुटलेले केस काढावेत, तसेच त्याच जागी पुन्हा कात्री लावू नये.

खाऱ्या हवेत स्टेनलेस स्टीलच्या पात्यांवरही गंजाचे ठिपके पडू शकतात; काम संपल्यावर दातांतील केस झटकून पाती कोरडी पुसावी लागतात व खिळ्यापाशी मशीन तेलाचा थेंब सोडावा लागतो.