परतीची वाट आधी
५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा पूल कोसळला. पणजी आणि पर्वरी यांच्यातलं अंतर इंचभरही वाढलं नाही, पण पलीकडे जायचं तर फेरीबोटीच्या रांगेत उभं राहणं आलं. सर्किट बोर्डावर ट्रॅक, म्हणजे तारेचं काम करणाऱ्या तांब्याच्या रेघा, ओढताना मला तो पूल हटकून आठवतो.

चिपपासून सेन्सरपर्यंत आपण तांब्याची रेघ ओढतो, ती फक्त जायची वाट. प्रवाहाला निघाल्या जागी परतावंच लागतं, आणि त्यासाठी खालच्या थरात तांब्याचा अखंड पत्रा, म्हणजे ग्राउंड, ठेवतात. संथ प्रवाह या पत्र्यावर पसरून सोयीच्या वाटेने परततो. सिग्नल झपाट्याने बदलू लागला की मात्र परतीचा प्रवाह ट्रॅकच्या नेमका खालून, सावलीसारखा चालतो. जाणारा आणि येणारा प्रवाह जितके जवळ, तितका त्यांच्यामधला वेढा लहान आणि इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला होणारा विरोध, कमी. पत्र्यात चीर पडली की सावलीला वळसा पडतो, वेढा फुगतो आणि तो अँटेनासारखा वागू लागतो. आजूबाजूचा गोंगाट पकडतो, स्वतःही फेकतो.

हे मी फोंड्यात घरच्या टाकीतल्या पाण्याची पातळी मोजायला केलेल्या बोर्डावर शिकलो. दोनच थर होते. एका थरात आडवे ट्रॅक, दुसऱ्यात उभे, ही पणजीच्या चौकोनी रस्त्यांसारखी रीत ऑटोराउटरने, म्हणजे ट्रॅक आपोआप ओढणाऱ्या सॉफ्टवेअरने, निवडली. पडद्यावर एकही जोडणी बाकी नव्हती, मी खूश. पण पंप सुरू झाला की पातळीचा आकडा उड्या मारायचा. बोर्ड उलटून पाहिला तर खालच्या ट्रॅकनी कापून ग्राउंडच्या चिंध्या झालेल्या.

दोष ऑटोराउटरचा नाही. त्याच्या मुळाशी सी. वाय. ली या संशोधकाची १९६१ ची पद्धत आहे: बोर्डावर चौकोनांची जाळी कल्पून एका टोकापासून घराघराने लाट पसरत जाते आणि वाट असेल तर सर्वांत जवळची सापडते. परतीच्या वाटेचं तिला कोणी विचारलेलंच नसतं. आजची सॉफ्टवेअर नियम पाळतात, पण ते लिहायचे आपणच.

ट्रॅकच्या काटकोनी वळणावर इलेक्ट्रॉन भिंतीवर आदळतात, असं घाबरून म्हणणारे भेटतात. आपल्या साध्या बोर्डांवर त्याने काही बिघडत नाही. सिग्नल एकाच वेळी पोचावेत म्हणून ट्रॅकची लांबी जुळवायला नागमोडी नक्षी काढण्याचीही हौस असते. नेहमीच्या हिरव्या बोर्डावर सिग्नल नॅनोसेकंदात सुमारे १५ सेंमी जातो. तळहाताएवढ्या बोर्डावर पातळी मोजणाऱ्याला त्या नक्षीची गरज काय?

दुसऱ्या खेपेला मी आधी सुटे भाग हलवले, जोडण्यांचा गुंता तिथेच निम्मा सुटला. क्लॉकचा, म्हणजे चिपला ठेका देणाऱ्या सिग्नलचा, आणि सेन्सरचा ट्रॅक हाताने वरच्या थरातच ओढला, पंप चालू-बंद करणाऱ्या रिलेची वाट रुंद ठेवली, उरलेलं ऑटोराउटरला दिलं, खालच्या थराला हात न लावण्याच्या अटीवर. तीन ठिकाणी ट्रॅक एकमेकांना आडवे आलेच. तिथे शून्य ओहमचे रेझिस्टर, म्हणजे रेझिस्टरच्या रूपातली नुसती जोडणी, बसवले. एक ट्रॅक त्याच्या पोटाखालून जातो, दुसरा पाठीवरून. असे तीन पूल, आणि खालचा पत्रा अखंड.