हाताच्या मापाचा माउस

माउसच्या खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला असतो तो डीपीआयचा, म्हणजे माउस किती बारीक हालचाल टिपतो त्याचा आकडा. आकडा जितका मोठा तितका माउस सरस, अशी समजूत त्यामुळे सहज होते. माझ्या मते मात्र निवड करताना हा आकडा सर्वांत शेवटी पाहावा. आधी आपला हात पाहावा, मग माउस ज्यावर फिरणार ते टेबल आणि त्यानंतर आपले काम. असे का, हे कळण्यासाठी माउसला हालचाल कशी समजते, ते जरा जवळून पाहायला हवे.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत १९६४ च्या सुमारास डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेतून आणि बिल इंग्लिश यांच्या हातून पहिला माउस तयार झाला. तो म्हणजे एक लाकडी ठोकळा होता आणि त्याच्या तळाशी एकमेकांशी काटकोन करणारी दोन चाके होती. एक उभी हालचाल मोजणारे, दुसरे आडवी. पुढे चाकांच्या जागी गोळा आला. तो माउस ज्यांनी वापरला आहे, त्यांना तळाचे झाकण फिरवून गोळा बाहेर काढल्याचे आणि आतल्या रुळांवर चिकटलेला मळ नखाने खरवडल्याचे नक्की आठवत असेल.

आजचा ऑप्टिकल माउस उलटा केला, तर तळाच्या छोट्याशा खाचेत एक दिवा आणि एक भिंग दिसते. दिव्याचा प्रकाश टेबलावर मुद्दाम तिरपा पाडलेला असतो. कलत्या उन्हात अंगणातल्या बारीक खड्यांच्याही लांब सावल्या पडतात, तसेच या तिरप्या प्रकाशात लाकडाचे किंवा कागदाचे एरवी न जाणवणारे उंचवटे सावल्यांसह उठून दिसतात. भिंगामागचा सेन्सर त्या इवल्याशा जागेची छायाचित्रे टिपत राहतो. प्रत्येक छायाचित्र जेमतेम काहीशे ठिपक्यांचे असते, पण अशी छायाचित्रे सेकंदाला हजारोंनी टिपली जातात. लागोपाठच्या दोन छायाचित्रांत तीच नक्षी किती आणि कोणत्या दिशेला सरकली, हे आतली चिप ताडून पाहते आणि तेवढेच अंतर संगणकाला कळवते.

म्हणूनच टेबलाचा विचार आधी करावा लागतो. स्वच्छ पारदर्शक काचेवर सावली पडेल असा उंचवटाच नसतो, त्यामुळे तिथे साध्या ऑप्टिकल माउसचा बाण अडखळतो किंवा भलतीकडेच उडी मारतो. लेसर वापरणारे माउस गुळगुळीत, चकचकीत पृष्ठभागावर बरे चालतात. पण नवा माउस घेण्याआधी खाली एक साधा कागद सरकवून पाहावा. पुष्कळदा दोष माउसचा नसून टेबलाचा असल्याचे लगेच उघड होते.

आता डीपीआयकडे वळू. माउस एक इंच, म्हणजे २.५४ सेंटिमीटर सरकल्यावर तो संगणकाला किती पावले कळवतो, त्याचा हा आकडा. एका पावलाला एक ठिपका असे धरले, तर १९२० ठिपके रुंद पडदा पार करायला ८०० डीपीआयला हात सुमारे ६ सेंटिमीटर हलवावा लागतो, १६०० ला ३ सेंटिमीटर आणि १६,००० ला अवघा ३ मिलिमीटर. एवढ्या चिमुकल्या हालचालीत पडद्यावरच्या एखाद्या बारीक खुणेवर बाण नेमका थांबवणे कोणत्याही हाताला अवघडच जाईल. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलेल्या नियमानुसार, लक्ष्यापर्यंत पोहोचायला लागणारा वेळ हा लक्ष्याचे अंतर आणि त्याची रुंदी यांच्या गुणोत्तरावर ठरतो. डीपीआय वाढवला की हाताला कापावे लागणारे अंतर घटते खरे, पण हाताच्या दृष्टीने लक्ष्यही त्याच प्रमाणात बारीक होते. गुणोत्तर तेच राहते! रोजच्या कामाला ८०० ते १६०० पुरेसे असतात. फार मोठे किंवा दोन-तीन पडदे असतील, तर त्याहून थोडे अधिक.

खरा फरक पडतो तो आकाराने. काही जण पूर्ण तळवा माउसवर टेकवतात, काही जण बोटे वाकवून नुसत्या टोकांनी तो धरतात. तळवा टेकवणाऱ्यांना लांब आणि पाठीला चांगला उंचवटा असलेला माउस लागतो, तर बोटांच्या टोकांनी धरणाऱ्यांना लहान आणि हलका माउस सोयीचा वाटतो. हाताच्या मानाने फार लहान माउस घेतला, तर बोटे दिवसभर आखडून राहतात आणि संध्याकाळी अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागते. डावखुऱ्यांनी उजव्या हातासाठी घडवलेल्या माउसशी जुळवून घेत बसू नये; दोन्ही बाजूंनी सारखा असलेला माउस घ्यावा.

हाताची ठेवणही पाहावी. तळवा पालथा केला की कोपरापासून मनगटापर्यंतची दोन हाडे एकमेकांवर आडवी येतात आणि तासन्‌तास त्याच पिळात राहतात. उभ्या धाटणीच्या माउसवर हात हस्तांदोलनाच्या स्थितीत राहतो आणि हा पीळ बराच सैल होतो. ज्यांना मनगट हलवणेच त्रासाचे वाटते, त्यांच्यासाठी ट्रॅकबॉल असतो. त्यात माउस जागीच राहतो, फक्त गोळा फिरतो. यांपैकी काहीही दुखण्यावरचा उपचार नव्हे. बोटांना मुंग्या येत असतील, तर डॉक्टरांना दाखवावे.

वायरचा माउस की बिनवायरचा, हा वाद आता फारसा उरलेला नाही. साधा माउस सेकंदाला १२५ वेळा, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी आपली हालचाल संगणकाला कळवतो आणि कार्यालयीन कामाला ते भरपूर झाले. वेगवान खेळ खेळणारे १००० वेळांचा माउस घेतात. बिनवायरचा माउस मधूनच अडखळत असेल, तर त्याचा रिसीव्हर यूएसबी ३ च्या खाचेतून काढून थोड्या लांब लावून पाहावा, कारण त्या जोडणीतून निघणारा गोंगाट रिसीव्हरच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरींत मिसळतो.

बटणाखालच्या स्विचकडे मात्र बहुतेकांचे लक्षच जात नाही. त्यात धातूची एक पातळ पट्टी असते. ती दाबली जाताना क्षणभर थरथरते आणि ही थरथर एकच क्लिक म्हणून मोजण्याची तजवीज माउसमध्ये केलेली असते. पट्टी झिजली की थरथर लांबते. मग एकदा दाबल्यावर दोन क्लिक होतात आणि नुसती निवडायची असलेली फाइल उघडली जाते. काही माउसमध्ये पट्टीऐवजी प्रकाशाची तिरीप अडवून क्लिक ओळखली जाते, त्यामुळे थरथरीचा हा प्रश्न तिथे उद्भवत नाही. ज्यांना दिवसभरात हजारो वेळा बटण दाबावे लागते, त्यांनी डीपीआयच्या आधी हे स्विच कोणत्या प्रकारचे आहेत ते पाहावे.